दहाहून कमी

सभा साडेसहाची. सुरू झाली सातला,
कारण अधीक्षक ओबर्ग बस घेऊन यायचे होते.
उत्तरेच्या फेरीचा ड्रायव्हर कंबर धरून घरी बसलाय,
तेव्हा गेले नऊ आठवडे पहाटे पाचला
आमच्या शाळा-जिल्ह्याचे सर्वोच्च अधिकारी
थिजलेल्या इंजिनाची मनधरणी करतात.

जिल्हा हा शब्द आम्हाला ढगळच होतो,
थोरल्या भावाच्या कोटासारखा.
आठशे चौरस मैल गवत, त्यात एक इमारत,
इमारतीत एकसष्ट मुलं,
आणि एक मी: व्हर्लीन, कारकून,
पगार काढते, बॉयलरवाल्याशी भांडते,
ताप आलेल्यांना माझ्या खोलीतल्या कोचावर निजवते,
आणि महिन्यातून एकदा इतिवृत्त लिहिते.

मंडळ बसतं ग्रंथालयात, दुसरीच्या खुर्च्यांवर.
सहा थोराड माणसं, गुडघे टेबलाच्या वर.
मायलो ऱ्हुस्का आपली हॅट पृथ्वीच्या गोलावर ठेवतो,
त्यामुळे उत्तर ध्रुव आम्हाला कधी दिसलेला नाही.

विषय एक, मागील इतिवृत्त. मंजूर.
विषय दोन, बॉयलरचा व्हॉल्व्ह.
विषय तीन, तोच व्हॉल्व्ह, पण पैसे कुठून.
विषय चार: राज्याकडून आलेलं आमचं प्रगतिपुस्तक.

तिसरी, वाचन: चांदणी.
चौथी, गणित: चांदणी.
खाली बारीक अक्षरांत,
विद्यार्थी दहाहून कमी असल्यास आकडा छापला जात नाही.
हाताच्या बोटांवर मोजता येतात
म्हणूनच मोजायची नाहीत.

पाचवीत मात्र अकरा. तिथे आकडा होता.
पंचेचाळीस टक्के.
ओबर्गांनी तो एकदाच वाचला, घसा साफ केला.
अकरातले पंचेचाळीस म्हणजे पाच पास,
आणि उरलेले सहा कोण
हे त्या टेबलाशी कुणाला सांगायची गरज नव्हती.
परीक्षा मार्चमध्ये. मार्चमध्येच गाई वितात.
ट्रेसा ऱ्हुस्का त्या रात्री कोपरापर्यंत हात घालून
आडवं आलेलं वासरू फिरवत होती, आणि सकाळी
परिच्छेदाचा मुख्य आशय कोणता, या प्रश्नावर
डोकं टेकून झोपली.
मायलो काही बोलला नाही.
हॅटखालची पृथ्वी थोडी फिरवली, बस्स.

विषय पाच लॉर्ना टीगार्डननं मांडला:
सत्तेचाळीस मैलांवरच्या हार्लो क्रीकमध्ये विलीन व्हावं.
तिच्यावर कुणी चिडू नये. मी चिडले होते, तरी सांगते.
तिच्या मुलाला इंजिनीअर व्हायचंय,
आणि आमचा फिजिक्सचा मास्तर
दोनशे मैलांवरून पडद्यावर येतो,
वारा सुटला की तोंड उघडं ठेवून गोठतो.
परवा अर्धा तास तसाच होता,
न्यूटनच्या तिसऱ्या नियमाच्या मधोमध.

तीन विरुद्ध तीन. ठराव बारगळला.
लॉर्नानं सगळ्यांचे कॉफीचे कप विसळले,
ज्यांनी विरोध केला त्यांचेही.

इतिवृत्तात एवढंच येईल.
दुपारी किंतानिया बाई खिडकीशी आली होती हे येणार नाही.
नवऱ्याचं कुंपणाचं काम संपलं, शुक्रवारी निघतात,
जुळ्यांचे दाखले हवेत.
दोन्ही पाचवीत.
फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, स्टेपलरखाली.
अकरातून दोन.
म्हणजे त्या सहांना आता कुणी मोजणार नाही,
आणि त्या पाचांनाही.

दिवे मालवायच्या आधी
पुढच्या आठवड्याच्या दुधाची ऑर्डर भरायची असते.
बाहेर आभाळात काय होतं विचाराल, तर ढग होते.
चौकटीत पेन टेकवलं
आणि लिहिलं एकसष्ट.
उद्या फोन करून एकोणसाठ करीन.
डेअरीवाले नऊपर्यंत ऐकून घेतात.